तीन पेनांनी लिहिलेली जेवणाची वही

वजन उतरवायचं ऑपरेशन करावं की नाही, अशा विचारात असलेली माणसं पत्ता काढत काढत जव्हारला माझ्या घरी येतात. चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, "मॅडम, दुखतं का हो फार?" त्यांना वाटतं, पोट कापतात तेच अवघड. अहो, पोट कापतात तेव्हा तुम्ही झोपलेले असता. अवघड असतं ते नंतर, चमचा हातात धरून जागं राहणं. आणि त्याहून अवघड असते वही. त्या वहीबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. लाज वाटते, पण सांगते.

एकशे एकतीस

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. मोखाडा तालुक्यातल्या वीसेक पाड्यांवरच्या अंगणवाड्या माझ्याकडे. तिथल्या सेविका मुलांची वजनं करतात का, आहार शिजतो का, रजिस्टरं भरतात का, हे बघायचं आणि जिथे चुकेल तिथे रागवायचं. रागवायचं काम मला फार छान जमायचं. मी लांबून दिसले की सेविका पदर सावरून उभ्या राहायच्या, हे मी तेव्हा कौतुकाने सांगत असे.

आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं ते उपाशी पोरांमुळेच. आणि तिथे वजनं तपासायला सरकारने पाठवलेली बाई अशी, की ती जीपमधून उतरली की आधी जीप वर यायची. एका पाड्यावर एका म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाला, "पोरांचा खाऊ जातो कुठं, ता आज समजला." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरं काय करणार?

माझं खरं वजन मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आमचा अंगणवाडीचा काटा झोळीचा, वर टांगून त्यात मूल ठेवायचं, पंचवीस किलोला संपतो. दवाखान्यातला काटा एकशे वीसला संपतो. मी त्यावर उभी राहिले की तो गपकन शेवटाला जायचा आणि तिथेच थरथरत राहायचा. शेवटी आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, ते हायस्कुलात गणित शिकवत आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं म्हणून मीही म्हणते, तर ते मला बाजारातल्या भाताच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. पोती मोजायच्या काट्यावर मी चढले. हमालाने वजनं टाकली आणि सवयीने आत ओरडला, "शेठ, एकशे एकतीस. ओलाव्याचं किती कापू?"

मास्तर घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर दार लावून अर्धा तास हसले.

डोली

हसणं थांबलं ते त्याच वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर जाताना चढावर माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी चिखलातच बसले. साखर होतीच, गुडघे केव्हाच गेले होते, त्यात आता हे. आमच्याकडे आजारी माणसाला डोलीतून उतरवतात, बांबूला कापड बांधून. एरवी चार जण पुरतात. माझ्यासाठी सहा आले, आणि त्यांतला एक अर्ध्या वाटेवर म्हणाला, "मॅडम, तुमी जरा श्वास धरा ना, हलकं वाटंल."

मुंबईच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरने चष्मा काढला की समजावं. म्हणाले, "बाई, तुमचं हृदय दोन माणसांचं काम करतंय. किती वर्षं करेल, मी सांगू शकत नाही." मी सेहेचाळीस वर्षांची होते. मास्तरांच्या हातातली छत्री खाली पडली आणि त्यांनी ती बराच वेळ उचलली नाही. मला भीती वाटली ती त्या छत्रीची. बत्तीस विद्यार्थी एकदम नापास झाले तरी न हललेला माणूस तो.

वजन उतरवायचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि झालं. पोटाची एवढीशी पिशवी राहिली, लहान पेरूएवढी. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या बाटलीच्या टोपणातून पाणी. शेजारच्या खाटेवर मुलुंडच्या एक काकू होत्या, आम्ही दोघी टोपणं एकमेकींना भिडवून 'घ्या हो, लाजू नका' म्हणत प्यायचो. हसलं की टाके ओढायचे, तरी हसायचो.

घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. पल्लवी नाव, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने एक छापील वही दिली. वेळ, पदार्थ, किती चमचे, किती ग्रॅम प्रथिनं, किती घोट पाणी, असे रकाने. म्हणाली, "रोज साठ ग्रॅम प्रथिनं गेलीच पाहिजेत. अंडं, डाळ, मासे, पनीर, ही पावडर. नाही गेली, तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. वजन उतरत राहील, तुम्ही खूश व्हाल, आणि आतून पोखरत जाल. म्हणून प्रत्येक घास लिहायचा. खरा लिहायचा."

मी मान डोलावली. रजिस्टर भरण्याबद्दल मला शिकवायला निघाली होती ही पोर.

नऊ महिन्यांचं बाळ

पहिले काही आठवडे मजेत गेले. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, मऊ करून, चमच्याने. हे वाक्य मी सतरा वर्षं आयांना सांगत आले होते. मास्तरांनी माझ्या कपाटातून शिकवायची चित्रं काढली, 'नऊ महिन्यांच्या बाळाचा आहार' हे पान भिंतीवर खिळलं आणि शाळेतून आले की विचारायचे, "बाळ जेवलं का?"

पुढे मात्र बाळ बिघडलं. अंड्याचा वास आला तरी पोटात ढवळायचं. डाळ एक चमचा जास्त झाली की छातीत अडकायची, आणि मग मोरीत उभं राहून ती परत यायची वाट बघायची. पावडर म्हणजे फळा पुसून उरलेली भुकटी दुधात कालवावी तशी. सहज जायचं ते चहा, चहात बुडवलेलं बिस्किट आणि तांदळाची पेज. त्यात प्रथिनं किती, ते मला चांगलं माहीत होतं. त्यावर मी भाषणं दिलेली होती.

पण वजन उतरत होतं ना! हमाल ओरडायचा, "एकशे अठरा! एकशे नऊ! शेठ, माल सुकतोय!" बाजारात बायका थांबवून विचारायच्या. ज्या साड्या नेसताना निऱ्या उरत नव्हत्या, त्यांच्या आता सात-सात निऱ्या पडायला लागल्या. माणूस तारीफ ऐकायला लागला की त्याला डाळ कशाला हवी?

राहिली वही. दीड महिन्याने तपासणीला जायचं होतं आणि वही कोरी होती.

आता मी काय केलं ते ऐका. एसटीत बसल्यावर मी पिशवीतून तीन पेनं काढली, एक निळं, एक काळं, आणि एक शाई संपत आलेलं. सेविका महिन्याचं रजिस्टर एका बैठकीत भरतात तेव्हा एकाच शाईने, एकाच अक्षरात भरतात आणि तिथेच पकडल्या जातात. मी कितीजणींना तसं पकडलं होतं! तीच चूक मी थोडीच करणार? मी पेनं बदलली. मध्ये दोन दिवस आजारी पडले. एका रविवारी मुद्दाम नोंद चुकवली. 'मुगाचं धिरडं अर्धं' असं लिहून ते खोडून 'पाव' केलं, म्हणजे प्रामाणिक वाटावं. मनोरच्या थांब्यावर वडा घेतलेल्या माणसाच्या कागदाला बोट लावून दोन पानांवर तेलाचे डाग पाडले. शेजारचा प्रवासी माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्याला म्हटलं, "सरकारी काम आहे."

पल्लवीने वही बघितली आणि तिचे डोळे चमकले. "मॅडम, इतकी सुंदर वही मी आजवर बघितली नाही. मी हिची झेरॉक्स काढू? बाकीच्या पेशंटना दाखवायला?"

मी म्हटलं, "काढा की."

ती शाबासकी मला फार गोड लागली. पुढच्या खेपेला मी चौथं पेन घेऊन गेले. तिने रक्त तपासायची चिठ्ठी दिली, तर ती मी पर्समध्ये घडी करून ठेवली. रक्ताला पेन लावता येत नाही ना.

अंगठा

सातव्या महिन्यात मी शहाण्णव किलोवर आले. केस हातात यायचे, ते मी शाम्पूवर ढकललं. दम लागायचा, तो उन्हावर. संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या, तर चपला बदलल्या. मास्तर म्हणाले, "सुनंदा, तुझं तोंड सुजल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही गणित बघा." ते वह्या तपासायला बसले. आमच्या घरात तोंड सगळ्यांनाच आहे, पण वापरायचा हक्क माझ्याकडे होता.

अशात मी एका पाड्यावर तपासणीला गेले. पाड्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मला अजून जेवायला बोलावतात. तिथली सेविका चांगुणा, सातवी शिकलेली, तीस-बत्तीसची, कमी बोलणारी. अंगणवाडीत सात-आठ आया पोरं घेऊन बसलेल्या. मी रजिस्टर उघडलं. रवी नावाचं दीड वर्षाचं मूल. आठ किलो, आठ दोनशे, आठ चारशे, आठ सहाशे. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम.

मी चढलेच. "चांगुणा, हे मूल आहे की घड्याळ? एका शाईत चार महिने? मला वेडी समजतेस का?"

चांगुणाचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिची नजर माझ्या पायावर होती. मी बोलतच होते आणि ती खाली बसली, माझी साडी घोट्यावरून बोटभर वर केली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. मनातल्या मनात मोजलं, अंगठा काढला.

खड्डा पडला होता. भरून येईना.

आया एकेक करून जवळ आल्या. त्या खड्ड्याचा अर्थ तिथे प्रत्येकीला कळत होता. तो अर्थ मीच त्यांना शिकवला होता. अंगावर मांस नाही आणि पायावर सूज, असं पोर दिसलं की त्याच दिवशी हलवायचं. वेळ घालवला तर काय होतं ते मी माझ्या नोकरीत बघितलेलं आहे, ते इथे लिहीत नाही. शहाण्णव किलोची बाई आणि उपासमारीची सूज! मला हसू यायला हवं होतं, पण मला रडू येत होतं.

चांगुणाने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. केसांची एक बट हलकेच ओढली, ती तिच्या हातात आली. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, सकाळी काय खाल्ला?"

"अंडं. आणि मुगाचं धिरडं."

तिने मान हलवली आणि थांबली. हेही माझंच शिक्षण. आई पहिल्यांदा खोटं सांगते, रागवायचं नाही, थांबायचं, परत विचारायचं.

"मॅडम, सकाळी काय खाल्ला?"

"सांगितलं ना. धिरडं."

परत थांबली. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. एका आईने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मॅडम, काय खाल्ला?"

"चहा," मी म्हटलं. "आणि दोन बिस्किटं."

"काल?"

"पेज."

"परवा?"

"अगं, पाच-सहा महिने हेच चाललंय चांगुणा," मी म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

एकीने माझ्यासाठी पाणी आणलं. चांगुणा उठली. "आज जायचा. मी जीप थांबवते."

"उद्या जाईन," मी म्हटलं. "आज रिपोर्ट द्यायचाय."

सगळ्या आया हसल्या. प्रत्येकीने कधी ना कधी मला हेच सांगितलेलं होतं, घरी भात लावायचाय, शेण काढायचंय, उद्या जाईन. आणि मी प्रत्येकीला झापलेलं होतं. चांगुणा मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, रवीचं पान उघडलं आणि म्हणाली, "आता मी पण सांगते. ह्या पोराचा वजन सात किलोवर हाय. दोन महिनं घसरतो. वजन कमी लिवला का तुमी रागावता, म्हणून वाढवून लिवला."

रागवायचं कुणावर?

"त्यालाही घे जीपमध्ये," मी म्हटलं.

दोन केसेस

खोडाळ्याहून येणाऱ्या प्रवासी जीपमध्ये पुढे मी, मागे रवीला मांडीवर घेऊन त्याची आई, आणि दाराला लटकून चांगुणा. सरकारी दवाखान्यात पोचलो. नर्सबाई पेन घेऊन बाहेर आल्या. फोन आधीच गेला होता. "कुपोषणाची केस कुठली?"

"ह्या दोन," चांगुणा म्हणाली.

नर्सबाईंनी रवीकडे बघितलं, लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. मग चांगुणाकडे. "थट्टा करू नका हं, मला काम आहे."

चांगुणाने माझी साडी वर केली आणि परत अंगठा दाबला. नर्सबाईंनी खुर्ची दिली आणि मुकाट्याने लिहायला घेतलं.

मला तिथून मुंबईला पाठवलं. रवी तिथेच राहिला. डॉक्टरांनी माझं रक्त बघितलं आणि परत चष्मा काढला. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर हृदयावर आलं असतं म्हणाले. मास्तर खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी रोज विचारत होतो, बाळ जेवलं का. तू रोज हो म्हणत होतीस. मला एवढंच विचारता येत होतं गं." आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती, त्या चोवीस वर्षांत मी त्यांची माफी तेव्हा पहिल्यांदा मागितली. त्यांनाही सवय नव्हती, त्यामुळे ते उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

पल्लवी आली. तिच्या हातात माझ्या वहीची झेरॉक्स होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली. मी म्हटलं, "पोरी, फाडून टाक ती. एसटीत बसून लिहिली. तीन पेनं लागली."

ती बराच वेळ पानं चाळत राहिली. "हा तेलाचा डाग?"

"मनोरचा वडा."

तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण का मॅडम?"

मी खरं ते सांगितलं. पहिल्यांदा तुझ्या रागाला घाबरून लिहिली, दुसऱ्यांदा तुझ्या शाबासकीसाठी. ती म्हणाली, "मग यापुढे मी दोन्ही करणार नाही. तुम्ही फक्त लिहा." आणि कोरी वही दिली.

त्या वहीचं पहिलं पान माझ्याकडे अजून आहे. 'सकाळी ८. अंडं, एक चमचा. ओकारी. ८.३०. अंडं, अर्धा चमचा. राहिलं. ९. पावडर, चार घोट. पावडर बनवणाऱ्याला शिव्या, दोन.' अक्षर घाणेरडं आहे.

शेवटी जे पोटात टिकलं, ते मुंबईच्या यादीत नव्हतं. चांगुणाने घरी येऊन करून दाखवलं. सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भाजून तिची भुकटी करायची आणि पातळ उडदाच्या आमटीत अर्धा चमचा घालायची. तिखट नाही, तेल नाही. वास असा, की मास्तर अंगणात जाऊन बसायचे. पण खाली उतरायचं आणि खालीच राहायचं. तुमच्यापैकी कुणाला अंडं जात नसेल तर डॉक्टरांना विचारून हे करून बघा, शेजाऱ्यांशी मात्र आधी संबंध चांगले ठेवा. पायावरचा खड्डा जायला अडीच महिने लागले. चांगुणा दर आठवड्याला जव्हारच्या बाजाराला आली की अंगठा दाबून जायची. मास्तरांनी तिला एकदा विचारलं, "चांगुणाबाई, रजिस्टरमध्ये कुपोषणाच्या कुठल्या श्रेणीत आहेत आमच्या मॅडम?" ती म्हणाली, "आधी चौथ्या होत्या, सगळ्यात वाईट. आता दुसऱ्या."

साहेब

कामावर परतल्यावरच्या पहिल्या मिटिंगला मी सेविकांना एवढंच सांगितलं, की ज्याचं वजन कमी भरेल त्याचं कमी लिहा, मी रागावणार नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही. पुढच्या मिटिंगला दोघी-तिघींनी घाबरत घाबरत खरे आकडे लिहून आणले. मी ओठ चावत बघितले. एकीने बाहेर जाऊन दुसरीला सांगितलं, "मॅडम आजारी हायत अजून, काय बोलत नाय." त्याच्या पुढच्या महिन्यात सगळ्यांनीच खरं आणलं.

मग आमच्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यासमोर माझ्या अंगणवाड्यांचा तक्ता होता. रवीचं नाव त्यात होतं. सात किलो शंभर, मग सात तीनशे, मग सात साडेतीनशे. वेडीवाकडी, तोकडी वाढ.

"बाई, तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा सगळं व्यवस्थित होतं," साहेब म्हणाले. "तुम्ही आलात आणि अकरा मुलं एकदम खालच्या श्रेणीत गेली कशी?"

"गेली नाहीत साहेब. तिथेच होती. त्यांना जीप पाठवायची आहे, त्या कागदावर तुमची सही पाहिजे."

साहेबांनी तक्ता परत बघितला. मग मला बघितलं, माझ्या सात निऱ्या बघितल्या. "आणि इतकी वर्षं कुणी लिहिलं कसं नाही, असं मला वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, या बाईंना घटलेलं वजन फक्त स्वतःचंच चालायचं."

साहेबांनी सही केली.